घरच्या संगणकाचा पहारेकरी कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घराला कुलूप लावावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. कुलूप विकत घेताना, ते घडविणाऱ्याने दुसरी किल्ली स्वतःपाशी ठेवून घेतली असेल काय, अशी शंकाही सहसा मनात येत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ही शंका पहिल्या दिवसापासून बाळगावी लागते. कारण येथे चोर, कुलूप विकणारा आणि पहारेकरी हे तिघे अनेकदा एकाच बाजारपेठेतून येतात आणि त्यांचे वेषही एकमेकांशी मिळतेजुळते असतात.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाचे घर डोळ्यांपुढे आणावे. हप्त्याने घेतलेला एक संगणक. त्यावर मुलीचे शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत, वडिलांच्या जमिनीचा सातबारा आहे, बँकेचे व्यवहार आहेत, आईच्या आजाराचे कागद आहेत आणि शिक्षक संघटनेत असेल तर सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, संपाच्या काळातला पत्रव्यवहारही आहे. पूर्वी हे सारे कपाटाच्या निरनिराळ्या कप्प्यांत, काही पोस्टात, काही बँकेत विखुरलेले असे. आज ते एका पेटीत एकवटले आहे. मालकाच्या नकळत या पेटीत शिरून त्याची हालचाल, त्याची अक्षरे, त्याचे पासवर्ड टिपणाऱ्या आणि दुसरीकडे धाडणाऱ्या सॉफ्टवेअरला स्पायवेअर म्हणतात. ते हुडकून काढणारे सॉफ्टवेअर म्हणजे अँटी-स्पायवेअर. ते कोठून आणावे आणि कसे चालवावे, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्राचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो सत्तेचा आणि मालकीचा प्रश्न आहे, हे स्पष्ट होते.

स्वयंसेवकांची पहिली फळी

या पहाऱ्याचा आरंभ बड्या कंपन्यांनी केला नाही, ही गोष्ट प्रथम नोंदवली पाहिजे. २००० साली अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरला आपल्या संगणकावर जाहिरातींसाठी माहिती पाठविणारे एक सॉफ्टवेअर बिनबोभाट बसलेले आढळले. त्याने ते काढून टाकणारे ‘ऑप्टआउट’ हे छोटे साधन लिहिले आणि सर्वांना फुकट दिले. त्याच सुमारास जर्मनीतील पॅट्रिक कोल्ला याने ‘स्पायबॉट – सर्च अँड डिस्ट्रॉय’ लिहिले. तेही विनामूल्य होते. ज्याला वाटेल त्याने देणगी द्यावी, एवढेच. नेदरलँडमधील मेरिन बेलेकोम या विद्यार्थ्याने ‘हायजॅकधिस’ तयार केले. त्याची रीत तर विशेष बोधप्रद होती. ते साधन ‘हे चांगले, हे वाईट’ असा निवाडा देत नसे. संगणकाच्या ज्या मर्मस्थानी हेर दडून बसतात, तेथील नोंदींची यादी ते पुढे मांडी. ती यादी जाणकारांना दाखवायची, त्यांनी ती वाचून सल्ला द्यायचा, अशी प्रथा पडली. हजारो अनोळखी माणसांचे संगणक अशा तऱ्हेने अनोळखी माणसांनीच, कवडीही न घेता, स्वच्छ करून दिले.

परस्परसाहाय्याचे एवढे चांगले उदाहरण संगणकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. परंतु जेथे जनतेची गरज सिद्ध होते, तेथे भांडवल उशिरा का होईना, पोहोचतेच. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जायंट’ नावाची छोटी कंपनी विकत घेतली. तिच्या साधनाचेच पुढे ‘विंडोज डिफेंडर’ झाले. हायजॅकधिस २००७ साली ट्रेंड मायक्रो या कंपनीने घेतले. या खरेदी-विक्रीतून ग्राहकाला काही लाभ झाला, हे अमान्य करण्याचे कारण नाही. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून व्हायरस व स्पायवेअर यांपासून संरक्षण देणारे डिफेंडर संगणकासोबतच येऊ लागले. तथापि पहारा सार्वजनिक हातांतून खाजगी हातांत गेला आणि त्याबरोबर एक नवा धंदाही उभा राहिला.

भीतीचा बाजार

हा धंदा भीती विकण्याचा होता. पडद्यावर एकाएकी लाल चौकट उमटे, ‘तुमच्या संगणकात अमुक इतके हेर सापडले’ असा इशारा येई आणि ते काढण्यासाठी पैसे भरा, असा तगादा सुरू होई. ‘स्पायवेअर असॅसिन’ नावाच्या अशाच एका साधनाविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००५ साली कारवाई केली. त्याची ‘मोफत तपासणी’ ही शुद्ध बतावणी असल्याचा आयोगाचा आरोप होता. संगणक स्वच्छ असला तरी त्याला हेर सापडत. ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटीव्हायरस’ अशा नावांनी बनावट साधने विकणाऱ्या एका टोळीविरुद्ध त्याच आयोगाने २००८ साली दावा लावला. दहा लाखांहून अधिक ग्राहकांना तिने फसविल्याचे आयोगाने म्हटले आणि २०१२ साली न्यायालयाने या प्रकरणात १६.३ कोटी डॉलरचा दंडादेश दिला.

या फसवणुकीचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याला संगणकातले फारसे कळत नाही, पण ज्याच्या घरात तो एकच संगणक आहे, अशा माणसाच्या अज्ञानावर आणि धास्तीवर ही कमाई चाले. गावोगाव ताईत विकणारे भोंदू ज्या वाटेने जातात, तीच ही वाट. फरक इतकाच की भोंदूचा ताईत निरुपयोगी असतो. हा ताईत घरात घेतला की तोच हेर ठरे.

नामांकित म्हणविणाऱ्या कंपन्याही या पापापासून मुक्त नाहीत. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या तबकड्या संगणकात घातल्या की नक्कल रोखण्याच्या नावाखाली एक सॉफ्टवेअर स्वतःला लपवून आत बसत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीस आणले आणि कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. विकत घेतलेले गाणे ऐकणारा माणूस कंपनीच्या लेखी ग्राहक नव्हता, संशयित होता.

त्याहून बोलके उदाहरण अवास्टचे. घराघरांत मोफत अँटीव्हायरस म्हणून बसलेल्या या कंपनीने वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती गोळा केली आणि ‘जंपशॉट’ या आपल्या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकली. जानेवारी २०२० मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजले तेव्हा जंपशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी आयोगाने अवास्टवर १.६५ कोटी डॉलर भरण्याचा आदेश काढला. कुंपणानेच शेत खावे, तो हा प्रकार. येथे अपघाताने काही घडले नव्हते. पहाऱ्याचे मोल घरमालकाने दिले नाही, तर पहारेकरी ते घरातूनच वसूल करतो, हा नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेचा साधा हिशेब आहे.

साधन शोधावे कसे, चालवावे कसे

यावरून ‘कोणतेच साधन नको’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे भेसळीच्या भीतीने जेवण सोडणे होय. घरच्या संगणकाची तपासणी करता आली पाहिजे आणि ती कोणाही साक्षर माणसाला करता येते. तिची रीत क्रमाने सांगता येईल.

पहिली गोष्ट अशी की पडद्यावर आपोआप उमटलेल्या इशाऱ्यातून कोणतेही साधन घेऊ नये. शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. म्हणून साधन घ्यायचे तर ते तयार करणाऱ्या संस्थेच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. ‘फुकट’ म्हणून वाटल्या जाणाऱ्या चोरट्या प्रती तर कटाक्षाने टाळाव्यात. स्पायवेअरचा शिरकाव होण्याचा तो एक हमरस्ता आहे.

दुसरी गोष्ट, बाजारात जाण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावे. विंडोज १० वा ११ असलेल्या संगणकात ‘विंडोज सिक्युरिटी’ या नावाखाली डिफेंडर आधीच बसविलेले असते. इंटरनेट जोडून त्याची माहिती प्रथम अद्ययावत करावी. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क अलग ठेवावी. नंतर ‘फुल स्कॅन’ लावावा. त्याला काही तास लागू शकतात, म्हणून तो रात्री लावणे सोयीचे. एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर ‘ऑफलाइन स्कॅन’ हा पर्याय आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते. चोर जागा होऊन लपण्याआधी झडती घ्यावी, असा हा विचार आहे.

तिसरी गोष्ट, सतत जागा राहणारा पहारेकरी एकच असावा. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू ठेवले तर ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक मंदावतो. दुसरे मत हवे असेल, तर सांगितले तेव्हाच तपासणी करणारे साधन वापरावे. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती त्यासाठी पुष्कळजण वापरतात. २००२ साली सुरू झालेले क्लॅमएव्ही हे तर खुल्या स्रोताचे साधन आहे. त्याच्या आत काय चालते हे कोणालाही वाचून पाहता येते.

चौथी गोष्ट निकाल वाचण्याची. ‘सातशे धोके सापडले’ असे आकडे पाहून घाबरू नये. त्यांत जाहिरातवाल्यांच्या किरकोळ कुकीही मोजलेल्या असू शकतात. सापडलेली वस्तू एकदम नष्ट न करता प्रथम ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे अलग कोठडीत टाकावी, क्वचित निरपराध फाइलही पकडली जाते. त्यानंतर ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स आणि बसविलेल्या प्रोग्रॅमची यादी स्वतः वाचून, अनोळखी पाहुण्यांची चौकशी करावी. हेर सापडलाच, तर सर्व पासवर्ड बदलावेत, परंतु ते दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. बँकेतून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

आणि या साऱ्याचा पाया म्हणजे मूळ संगणकप्रणाली अद्ययावत असणे. भिंतीला भगदाड असताना दाराशी पहारेकरी बसवून उपयोग नाही. येथेच वर्गाचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबविला आणि विंडोज ११ साठी यंत्राच्या ज्या अटी घातल्या, त्यांत असंख्य चालते संगणक बसत नाहीत. ज्याला नवा संगणक परवडतो त्याची भिंत पक्की आणि ज्याचा हप्ता नुकता फिटला त्याची कच्ची, असा हा न्याय आहे. अशा जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविता येते. केरळच्या शासकीय शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग कित्येक वर्षांपूर्वीच स्वीकारला आणि लक्षावधी मुलांनी त्यावर शिक्षण घेतले. जे एका राज्याच्या शिक्षणखात्याला जमले, ते इतरांना अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

साधन जेथे अपुरे पडते

आतापर्यंतचा विचार सर्वांवर सरसकट जाळे टाकणाऱ्या चोरांचा झाला. परंतु एका निवडक माणसासाठीच पाठविलेला हेर ही निराळी गोष्ट आहे, आणि महाराष्ट्रात घडलेल्या घटनांमुळे तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली. तिच्यावरून दाखल झालेल्या गुन्ह्याच्या तपासात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीतील कार्यकर्ते रोना विल्सन यांचा संगणक जप्त केला. त्यातील पत्रे हा खटल्याचा मोठा आधार ठरला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने त्या डिस्कच्या प्रतीची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रकाशात आलेला तिचा निष्कर्ष असा की १३ जून २०१६ रोजी आलेल्या एका ईमेलमधील फाइल उघडताच ‘नेटवायर’ हे दूरून ताबा घेणारे सॉफ्टवेअर त्या संगणकात शिरले, बावीस महिन्यांहून अधिक काळ तेथे राहिले आणि त्याच वाटेने वादग्रस्त पत्रे एका लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्यात आली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही त्या संस्थेने अशाच घुसखोरीचा निष्कर्ष काढला. हे कोणी केले, याचे नाव अहवालात नाही. तपासयंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. परंतु विल्सन यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांच्या कैदेनंतर. तोवर खटला उभाही राहिला नव्हता.

नेटवायर हे काही कोणा महासत्तेचे गुप्त अस्त्र नव्हते. ते उघडपणे विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी त्याचे विक्रीचे ठिकाण जप्त केले. इतके स्वस्त आणि इतके सर्वश्रुत साधनही बावीस महिने दडून राहू शकले, असे या अहवालावरून दिसते. मग घरच्या तपासणीचा ‘धोका नाही’ हा हिरवा शेरा म्हणजे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मानता येईल काय? अर्थात नाही. तपासणीला ओळखीचा चोर सापडतो. वेष बदललेला सापडेलच असे नाही.

म्हणून वकील, पत्रकार, संघटनेचे कार्यकर्ते यांच्यासाठी नियम काहीसा उलटा आहे. आपल्यावर मुद्दाम पाळत आहे असा सबळ संशय असेल, तर घाईने साफसफाई करू नये. हेर पुसला तर त्याच्याबरोबर त्याच्या आगमनाचा पुरावाही पुसला जातो. यंत्राचा वापर थांबवावा, इंटरनेट तोडावे आणि जाणकाराकडून डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्यावी. पोलिसांनी यंत्र जप्त केल्यास जागच्या जागी हॅश मूल्याची नोंद मागावी. हॅश म्हणजे साठविलेल्या माहितीचा अंगठ्याचा ठसा. पुढे एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रात या मूल्याला जागा देण्यात आली आहे. ही नोंद मागण्याची सवय पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी ‘वाचून दाखवा’ म्हणण्याच्या सवयीइतकीच अंगवळणी पडली पाहिजे.

शासन कोणत्या बाजूला?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे नागरिकांना संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळू लागली. पुण्याच्या क्विक हीलसारख्या देशी कंपन्यांचा त्यात सहभाग आहे. सार्वजनिक आरोग्याच्या धर्तीवर सार्वजनिक संगणक-स्वच्छता, ही कल्पना मुळात स्वागतार्हच आहे.

परंतु लस देणाऱ्या हातावर विश्वास बसायचा, तर त्या हाताचा हिशेब जनतेला मागता आला पाहिजे. प्रत्यक्षात काय घडले? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२१ साली पेगॅसस या हेर-सॉफ्टवेअरचा गवगवा झाला. न्यायालयाने नेमलेल्या समितीला तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, मात्र ते पेगॅससच असल्याचे निर्णायकपणे सांगता आले नाही. आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, अशी नोंद ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयापुढे आली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमाने शासकीय यंत्रणांना कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आले. एका हाताने झाडू द्यायचा आणि दुसऱ्या हाताने खिडकीवर पडदा ओढायचा, अशी ही नीती आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. शासनाने मोफत दिलेल्या प्रत्येक तपासणी-साधनाचा स्रोत खुला असावा, म्हणजे पहारेकऱ्याची झडती कोणालाही घेता येईल. सर्ट-इन पुन्हा माहिती अधिकाराखाली यावी. न्यायालयाच्या लेखी आदेशावाचून कोणाही नागरिकाच्या यंत्रात हेर सोडण्यास बंदी असावी आणि तशा रीतीने मिळविलेला वा पेरलेला पुरावा बाद ठरावा. शाळा-महाविद्यालयांतील संगणक मुक्त प्रणालीवर चालावेत.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पॅट्रिक कोल्ला किंवा मेरिन बेलेकोम यांनी कोणत्याही कायद्याची वाट पाहिली नव्हती. गावचे वाचनालय, कामगार संघटनेची कचेरी, शिक्षक संघाची खोली येथे महिन्यातील एक रविवार यासाठी राखून ठेवता येईल. लोकांनी आपली यंत्रे घेऊन यावे. जाणत्या तरुणांनी ती तपासून द्यावीत, आणि मुख्य म्हणजे तपासणी मालकाच्या हाताने करवून घ्यावी. शेजारी बसून एकदा शिकलेला माणूस पुढच्या खेपेस लाल चौकटीला भिणार नाही आणि पुढच्या रविवारी तो दुसऱ्याला शिकवील. पहाऱ्याचे ज्ञान असे हातोहात पसरले, तर पहारेकरी कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कोणा कंपनीकडे वा खात्याकडे मागत बसावे लागणार नाही.